पाळणा उभा राहण्यापूर्वी

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जी जत्रा भरते, ती कोणत्या दिवशी भरणार हे पंचांग उघडून सांगता येत नाही. देवगड तालुक्यातील कुणकेश्वराची यात्रा महाशिवरात्रीस ठरलेली असते. गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्राही बहुधा आपापल्या नेमलेल्या तिथीस भरतात. भराडी देवीची जत्रा मात्र देवीचा कौल मिळेल त्या दिवशी. डाळपाचा परंपरागत विधी होतो, गावकरी मंडळी देवीपुढे उभी राहून कौल मागतात, आणि मगच दिवस मुक्रर होतो. तो कळेपर्यंत मुंबईस नोकरीधंद्यानिमित्त राहिलेल्या चाकरमान्यास रजेचा अर्ज करता येत नाही, आणि कळल्यानंतर त्यास धीर निघत नाही. ही तारीख वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापली जाते. तिच्या अनुरोधाने कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. दीड दिवसाच्या त्या जत्रेसाठी लाखो माणसे भरडावरच्या त्या वाडीत लोटतात.

ह्या प्रथेचे धार्मिक मर्म असेल ते असो. लोकमानसाच्या दृष्टीनेही तिच्यात एक मोठे शहाणपण साठलेले आहे. जी गोष्ट अमुक दिवशी होणार हे सर्वांस आधीपासून ठाऊक असते, तिची माणूस आठवण ठेवतो. जी होणार हे नक्की, पण केव्हा होणार हे अनिश्चित, तिची तो वाट पाहतो. आठवण ठेवणे आणि वाट पाहणे ह्यांत जे अंतर आहे, त्यासच उत्कंठा म्हणतात. आजची मोठी मनोरंजन उद्याने नवा रोलर कोस्टर उभारतात, तेव्हा तो सुरू होण्याच्या कित्येक महिने अगोदरपासून लोकांच्या मनांत हीच उत्कंठा जागवण्यासाठी ती पुष्कळ पैसा आणि अक्कल खर्च करतात. ह्या कलेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याचा एक धागा रशियातील बर्फाच्या टेकड्यांपाशी सुरू होतो. आणि त्याची एक कसोटी, आश्चर्य वाटेल, मालवणच्या किनाऱ्यावर लागलेली आहे.

प्रथम जत्रेतील पाळण्याकडेच पाहावे. चार झोके बसवलेला आणि माणसांनी हातांनी फिरवावयाचा लाकडी रहाटपाळणा ही एके काळी जत्रेची सर्वांत मोठी यांत्रिक करमणूक होती. त्याची जागा पुढे विजेवर फिरणाऱ्या आकाशपाळण्याने घेतली. परंतु मुलाच्या पोटात जो गोळा उठावयाचा, तो दोहोंत एकच. वर जाताना आनंद, खाली येताना भय, आणि जमिनीस पाय लागताच पुन्हा एकदा बसण्याचा हट्ट! हे भय खोटे नसते. खोटा असतो तो केवळ धोका. ज्या भयात धोका नाही असे भय माणसास सुखाचे वाटते. ही गोष्ट दक्षिण कोकणातील लोकांस पाळणा येण्यापूर्वीही ठाऊक होती. दहिकाल्याच्या रात्री दशावतारी नाटकाच्या आरंभी काळ्या वेषातला संकासूर रंगणात उतरला, की पुढे बसलेली पोरे किंचाळून आयांच्या पदराआड दडत, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या मालवणी बोलण्यावर सारा मांड हसून लोटपोट होई. भ्यावयाचे आणि हसावयाचे, दोन्ही एकाच आसनावर बसून!

अशा निर्धोक भयाचे यंत्र बनवण्याची कल्पना मात्र बर्फाच्या देशात निघाली. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फाच्या उंच घसरणी उभारीत. त्यांची उंची सत्तर ते ऐंशी फुटांपर्यंत असे. पायऱ्या चढून वर जावयाचे, लहानशा घसरगाडीवर बसावयाचे आणि डोळे मिटून खाली झेपावयाचे, हा तेथील गोरगरिबांचा आणि सरदारांचाही खेळ होता. साम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिला त्याची इतकी हौस, की ओरानियनबाऊम येथील राजोद्यानात तिच्यासाठी उन्हाळ्यातही चालेल अशी घसरण आणि तिच्या माथ्यावर एक सुंदर प्रासाद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधण्यात आला. इ. स. १८१७ मध्ये हा खेळ पॅरिसला पोहोचला. तेथील हवेत बर्फ टिकणे कठीण. म्हणून बेलव्हिल भागात चाकांच्या गाड्या लाकडी मार्गावरून सोडण्यात आल्या आणि त्यांस 'रशियन पर्वत' असे नाव मिळाले. गंमत अशी, की फ्रान्समध्ये रोलर कोस्टरला आजही 'रशियन पर्वत' म्हणतात, आणि खुद्द रशियात मात्र 'अमेरिकन टेकड्या'! जी गोष्ट दुरून आली तीच अधिक अद्भुत, ही मनुष्यस्वभावाची खूण ह्या दोन नावांत उमटलेली आहे.

अमेरिकेत ह्या खेळास रूळ मिळाले ते कोळशाच्या खाणीमुळे. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा उतारावरून आपोआप खाली आणण्यासाठी एक लोहमार्ग घालण्यात आला. पुढे कोळशासाठी दुसरी सोय झाली. परंतु त्या उतारावरून बसून येण्यासाठी लोक पैसे देऊन येतच राहिले, आणि खाणीची गाडी करमणुकीची गाडी झाली. तेथे कोणी जाहिरात करून उत्कंठा निर्माण केली नव्हती. ज्याने एकदा अनुभव घेतला तो दहा जणांस सांगत सुटला, हीच जाहिरात.

१६ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड ह्या समुद्रकिनाऱ्यावर ला मार्कस थॉम्प्सन ह्या गृहस्थाने आपली 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिचा मार्ग सहाशे फुटांचा, वेग ताशी जेमतेम सहा मैल, आणि बसण्याचे मूल्य पाच सेंट. माणसाने झपझप चालावे त्याहून ती गाडी फारशी वेगवान नव्हती. तरी तिच्यापुढे रांगा लागल्या आणि भांडवल अल्पावधीत वसूल झाले. वेग थोडा असून आनंद एवढा का, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या यंत्राच्या रचनेतच आहे. रोलर कोस्टरला वाटेत इंजिन नसते. साखळीने ओढून गाडी पहिल्या आणि सर्वांत उंच चढावर नेतात. त्या उंचीने दिलेल्या शक्तीवरच पुढचे सारे चढउतार पार पडतात. म्हणजे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जो काळ शक्ती साठवण्याचा, तोच बसणाऱ्याच्या दृष्टीने वाट पाहण्याचा. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा टकटक आवाज होत असतो, जमीन दूर दूर जात असते, आणि शिखर जवळ येत असते. खाली झेपावण्यास काही क्षण पुरतात. चढण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आनंदाचा निम्मा भाग ह्या संथ चढणीत असतो, हे जाणत्या कारागिरांनी लवकरच ओळखले.

मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांनी रापण ओढताना पाहिली असेल त्यांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. होडीने अर्धवर्तुळात टाकलेले ते लांबच लांब जाळे दोन्ही टोकांस धरून माणसे हळूहळू किनाऱ्याकडे खेचीत असतात. जाळ्यात काय आहे हे अद्याप कोणासच ठाऊक नसते. दोर हातांतून सरकत जातो, घेर लहान होत जातो, आणि पाण्यात चांदीसारखी पहिली चमक दिसताच किनाऱ्यावर एकच गलका उठतो. मासळीचे पुढे वाटे पडतात. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. ज्याचा हात दोराला, त्याचा जीव जाळ्यात.

यंत्राच्या पोटात दडलेली ही वाट पाहणी यंत्राबाहेर आणून ती सबंध शहरास लावावयाची, हे पुढच्या काळातील जाहिरात करणाराचे काम झाले. त्याची साधने आपल्याकडेही फार लवकर तयार झाली होती. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे ह्यांनी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला, आणि पुढच्या काळात सर्कस गावात आली हे लोकांस तंबू दिसण्यापूर्वीच कळू लागले. रस्त्यातून जाणारा हत्ती आणि पिंजऱ्यातील वाघाची डरकाळी हीच त्यांची दवंडी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवण्यात आली, तेव्हा त्याच दिवशीच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त जाहिरात होती आणि दर एक रुपया होता. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हे. न पाहिलेल्या वस्तूसाठी माणूस रुपया काढून देतो, तो वस्तूसाठी नव्हे, तर तिच्याविषयी मनात उभ्या राहिलेल्या चित्रासाठी.

ह्या कलेतील मराठी माणसाची सर्वांत धीट करामत दादासाहेब फाळके ह्यांची. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी सुरू झाला. पुढे सुरतेस प्रेक्षकांची वाण पडली, तेव्हा त्यांनी जाहिरातीत चित्रपटाच्या कथेची वा अभिनयाची थोरवी गायिली नाही. त्यांनी आकडे मांडले: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व केवळ तीन आण्यांत! आता सत्तावन्न हजारांचा आकडा रास्त होता. लांबी मात्र सुमारे ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी होती. परंतु सुरतेच्या प्रेक्षकांनी नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर मैल मोजले नाहीत. कारण पडद्यावर त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही मैलांत मावण्यासारखे नव्हते. जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती खपते, ती वस्तू अपेक्षेहून मोठी निघाली तरच. लहान निघाली तर तीच अतिशयोक्ती फसवणूक ठरते.

आजचा रोलर कोस्टर आकड्यांच्या ह्याच भाषेत बोलतो. इतके मीटर उंची, ताशी इतके किलोमीटर वेग, इतक्या वेळा डोके खाली आणि पाय वर! आधी केवळ एक नाव जाहीर होते. मग एखादे चित्र. मग उंची. रूळांचे प्रचंड रंगीत तुकडे येऊन पडतात आणि ते मुद्दाम सर्वांस दिसतील असे उभे राहतात. शेवटी माणसांच्या जागी पाण्याने भरलेले पुतळे बसवून गाडीच्या चाचणीच्या फेऱ्या सुरू होतात, आणि कुंपणाबाहेर उभा राहिलेला मुलगा त्या पुतळ्यांचाही हेवा करू लागतो. ह्या क्रमात वस्तूची स्तुती फार थोडी असते. जे असते ते तीन प्रकारचे: नक्की दिवस, डोळ्यांस दिसणारी खूण, आणि पाहणाऱ्यास आपण ह्यात सामील होणार असे वाटावे अशी जागा. जत्रेची तारीख, माळावर उभा राहू लागलेला पाळण्याचा सांगाडा, आणि घरोघरी शिजणारा नैवेद्य, ह्यांहून हे तत्त्वतः वेगळे नाही.

भारतात मनोरंजन उद्यानांचे युग दिल्लीच्या 'अप्पू घर'ने १९८४ मध्ये सुरू केले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे चिन्ह असलेल्या अप्पू नावाच्या हत्तीने देशभर आधीच ओळख मिळवलेली होती. म्हणजे उद्यान उघडण्यापूर्वीच त्याचे नाव मुलांच्या तोंडी होते. हे उद्यान २००८ मध्ये बंद झाले, तथापि त्याने घातलेला पायंडा टिकला. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले. दूरदर्शनवरील त्याच्या जाहिरातीतले गाणे म्हणजे लहान मुलाचा हट्ट होता: येथून घरी परत जावयाचे नाही! उद्यानात किती पाळणे आहेत हे त्या गाण्याने सांगितले नाही. घरी बसलेल्या मुलाच्या तोंडी त्याने हट्टाचे शब्द दिले. पुढचे काम त्या मुलानेच केले. शिवाय मुंबईकरास तेथे जावयाचे तर खाडी ओलांडून बोटीने जावे लागे, आणि पलीकडच्या तीराकडे डोळे लावून बसण्याचा तो प्रवास म्हणजे रोलर कोस्टरची चढणच होय. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ 'इमॅजिका' हे उद्यान उघडले आणि त्याच वर्षी तेथे 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. स्वित्झर्लंडमधील बनावटीचा, सुमारे चाळीस मीटर उंचीचा, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावणारा, आणि बसणाराच्या पायांखाली जमीनच नसलेला! १८८४ च्या सहा मैलांपासून येथपर्यंतचा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे.

ह्या सव्वाशे वर्षांत सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता, असे विचारल्यास सामान्य माणूस उंचीकडे वा वेगाकडे बोट दाखवील. जाणकार मात्र एका न दिसणाऱ्या चाकाकडे दाखवतात. जॉन मिलर ह्या अमेरिकन कारागिराने १९१० च्या सुमारास चढावरून गाडी मागे घसरू न देणारी खिट्टी सुधारली, आणि १९१९ मध्ये रूळाच्या खालच्या बाजूने धरून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. वरची चाके गाडी धावती ठेवतात. खालची चाके तिला रूळ सोडू देत नाहीत. खालची चाके आली, आणि मगच चढ उंच करता आले, उतार तीव्र करता आले, वळणे आवळता आली. धाडसाची सारी वाढ सुरक्षिततेच्या पाठीवर बसून झाली. पण जाहिरातीच्या चित्रात ही चाके कोणी काढीत नाही. लोकांची उत्कंठा वरच्या चाकांवर धावते, आणि लोकांचा विश्वास खालच्या चाकांवर टिकतो.

हे सूत्र हाती धरून पुन्हा मालवणास यावे. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आला, आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. आता जगाने येथे यावे ह्यासाठी काहीतरी भव्य उभारले पाहिजे, अशी भावना राज्यकर्त्यांत बळावली. तीतून मालवण तालुक्यात वायंगणी-तोंडवळी परिसरात 'सी-वर्ल्ड' नावाच्या प्रचंड सागरी उद्यानाची योजना पुढे आली. २०१० नंतरच्या दशकात तिची फार चर्चा झाली. भव्य मत्स्यालय, समुद्राच्या अंतरंगाचे दर्शन, करमणुकीची साधने, देशोदेशींचे पर्यटक आणि त्यांच्यामागून येणारा रोजगार, असे तिचे चित्र रंगवण्यात येत होते. उत्कंठा वाढवण्याची एकही युक्ती त्या चित्रात उणी नव्हती.

परंतु त्या चित्राखाली जमीन होती, आणि ती जमीन कोणाची तरी होती. प्रथम सांगण्यात आलेली गरज तेराशेहून अधिक एकरांची होती. ज्या वाड्यांत माडाच्या आणि काजूच्या बागा, घर, अंगण, तुळशीवृंदावन आणि देवाची राई एकमेकांस लागून असतात, तेथे हा आकडा ऐकून ग्रामस्थांच्या मनात उत्कंठा जागी झाली नाही. भय जागे झाले. आणि हे भय पाळण्यातले नव्हते. ह्यातील धोका खरा होता. ग्रामस्थांनी विरोध केला, सभा झाल्या, मोजणीस हरकती निघाल्या. पुढे जमिनीची मागणी बरीच कमी करण्यात आली, तरी पहिल्या आकड्याने जो विश्वास गेला तो पुरता परत आला नाही. प्रकल्पाच्या बाजूनेही लोक होते, आणि त्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ज्या जिल्ह्यातील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरतात, तेथे घराजवळ मिळणाऱ्या नोकरीस कोण नको म्हणेल? दोन्ही बाजूंस आपापल्या मुलाबाळांचीच चिंता होती. परंतु घोषणेमागून वर्षे गेली आणि सी-वर्ल्ड उभे राहिले नाही. वरची चाके फार सुंदर रंगवली होती. खालची चाके बसवावयाची राहून गेली.

त्याच तालुक्यात, त्याच काळात, दुसरीही एक गोष्ट घडत होती, आणि ती फारशी कोणी घोषित केली नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत, हे कोळ्यांच्या पोरांस पूर्वीपासून ठाऊक होते. पर्यटक येऊ लागले, तसे ह्याच पोरांनी त्यांस होडीतून नेऊन, तोंडाला नळी आणि डोळ्यांस चष्मा लावून पाण्याखालचे जग दाखवण्यास आरंभ केला. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीविद्या शिकवणारी संस्थाही काढली. येथे तेराशे एकर लागले नाहीत. मॉक चंकच्या कोळशाच्या गाडीप्रमाणे, ज्याने पाहिले त्याने दुसऱ्यास सांगितले, आणि पाण्याखाली काढलेले एक छायाचित्र शंभर जणांस तारकर्लीस घेऊन आले. उत्कंठा वाढवणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच, म्हणून रापणीच्या दोरावर जसा सर्वांचा हात, तसा येथे किनाऱ्यावरच्या अनेक घरांचा हात लागला.

मात्र हा मार्गही केवळ गोड नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची एक नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस होते. सुखाच्या भयासाठी घरून निघालेली माणसे खऱ्या भयाच्या तोंडी गेली. नौकांची तपासणी, अंगावरची सुरक्षा जाकिटे, किती माणसे बसवावयाची ह्याचे बंधन, समुद्र खवळला असता परत फिरण्याचा निर्णय, ह्या गोष्टी जाहिरातीच्या फलकावर कधीच शोभत नाहीत. रूळाखालची चाके तीच होत. गर्दी जितकी अधिक ओढून आणावी, तितकी ती घट्ट असावी लागतात. कारण लोकांस वाट पाहावयास लावणे म्हणजे त्यांच्याकडून विश्वासाचे कर्ज घेणे, आणि ते कर्ज पहिल्याच फेरीपासून फेडावे लागते.

हा विचार आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीनजीकच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना २०२५ मध्ये हाती घेण्यात आली, आणि तिच्याभोवतीही पुन्हा चित्रे, आकडे आणि अपेक्षा गोळा होऊ लागल्या. अशी योजना पुढे येते तेव्हा दोन प्रश्न विचारण्याची सवय सुशिक्षित नागरिकाने लावून घ्यावी. ती किती मोठी, हा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर न विचारताच मिळते. विचारावयाचे ते हे, की ह्या दोरावर स्थानिक माणसाचा हात आहे काय, आणि खालची चाके कोणी तपासली आहेत?

आंगणेवाडीच्या जत्रेत हे प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्यांची उत्तरे जत्रेच्या रचनेतच मुरलेली आहेत. तारीख ठरवणारे गावकरीच. ती ऐकण्यासाठी मुंबईत कान टवकारून बसलेलेही त्याच गावांचे. जत्रेच्या रात्री वाडीतील स्त्रिया मौन पाळून देवीचा नैवेद्य शिजवतात, आणि घरोघरची ताटे देवळाकडे निघतात. बाहेर माळावर दुकानांच्या रांगांतून मालवणी खाज्याचे ढीग लागलेले असतात आणि पलीकडे आकाशपाळणा फिरत असतो. त्या पाळण्यात बसलेल्या मुलाने जाहिरात वाचलेली नसते. त्याच्या आजीने त्यास महिनाभर आधी एवढेच सांगितलेले असते, की देवीचा कौल झाला, आता जावयाचे. पाळणा माथ्यावर जाऊन क्षणभर थांबतो, खाली दिव्यांचा सागर पसरलेला असतो, आणि त्या गर्दीत कोठेतरी आपली माणसे वर पाहत उभी आहेत हे मुलास ठाऊक असते. म्हणूनच त्याचे भय आनंदाचे होते.